आरशामागची नदी

३ मार्च

प्रिय आजी,

परवा फोनवर तू मला तीनदा विचारलंस, "कोण, दूधवाला का?" तेव्हाच ठरवलं, आता फोन बंद, पत्रं सुरू. तुला ऐकू येत नाही, पण लिहायला मात्र हात शिवशिवतात हे मला माहीत आहे.

सोबत एक कार्ड पाठवते आहे. आमच्या संग्रहालयातलं सगळ्यात नावाजलेलं चित्र, 'नदीचं वळण'. चित्रकाराचं नाव तुला कळेलच, शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. लाकडाच्या फळीवर काढलंय. लोक लांबून येतात, या चित्रासमोर उभे राहतात आणि बोलायचे थांबतात. मी रोज बघते, तरी रोज माझंही तसंच होतं.

आता या चित्रावर संकट आलंय. ते मुळात एका वकीलसाहेबांनी विकत घेतलं होतं, तुझ्या माहेरच्या गावात. एकाहत्तर वर्षांपूर्वी ते त्यांच्या घरातून नाहीसं झालं. छत्तीस वर्षांनी गावातल्या एका सलूनमध्ये जुना आरसा फुटला आणि त्याच्यामागे ही फळी निघाली. सलूनवाल्यानं ती आमच्याकडे दिली. आता वकिलांचा नातू म्हणतोय, चित्र चोरीला गेलं होतं, म्हणून ते त्याच्या घराण्याचंच. चोरी झाली असं ठरलं तर चित्र त्याला द्यावं लागेल, आणि तो ते बाहेर विकणार हे त्यानं सांगूनच टाकलंय. मग ते कुणाच्या तरी तिजोरीत जाईल. मे महिन्यात सुनावणी आहे.

चित्र कुठून कुठे गेलं याची फाईल मी लिहिते आहे. जुन्या तक्रारीत एवढंच आहे, "घरी आरसा बसवायला आलेल्या काचवाल्यावर संशय." नाव नाही. आजी, तुझ्या लहानपणी गावात असा कुणी काचवाला होता का? आठवून सांग.

तुझी,
खारूताई

९ मार्च

माझी लाडकी खारूताई,

तुझं पत्र आलं आणि मी ते शेजारच्या शिंपीणबाईंना आधी पाकिटावरूनच दाखवलं. म्हटलं बघा, माझ्या नातीचं अक्षर, मोत्याचा सर. त्या म्हणाल्या, "आजी, उघडा तरी!" उघडलं. आत ते कार्ड.

बाई गं. बाई गं बाई.

मी खुर्चीत बसले. उभी होते ती बसले. चहा गॅसवर होता तो उतू गेला, मांजर ते चाटायला आलं, त्याची जीभ भाजली, ते फिस्कारलं, शिंपीणबाई ओरडल्या, आणि मी आपली कार्डाकडे बघत. एवढ्याशा कागदात अख्खी नदी मावते कशी गं? पाणी वळतं तिथे ते जरा दाट होतं आणि झाडांच्या सावलीत गेलं की थांबल्यासारखं वाटतं, पण थांबत नाही. डावीकडच्या काठावर ती ओली माती आहे ना, तिच्यावर बोट ठेवलं तर बोट भरेल असं वाटलं. मी ठेवूनसुद्धा पाहिलं. शिंपीणबाई हसल्या. हसू देत. त्या रोज शिवणयंत्राच्या सुईत डोळे घालून बसतात, त्यांना काय कळणार.

मी काही शिकलेली नाही. चौथीपर्यंत गेले, तेही अधूनमधून. पण मला विचारशील तर माणसाच्या हातात एवढं असतं हे बघूनच छाती भरून येते. देवानं नदी केली ती केली, त्याला काय, त्याच्याकडे पाणी होतं. या माणसाकडे नुसता रंग आणि फळी.

माझे गुडघे बरे आहेत. नवीन चष्मा आला, पण त्याच्या दांड्या कानाला टोचतात. तुझ्या आईला सांग लोकरीचे मोजे पाठवू नकोस, मी आता मोजे घालतच नाही, पाय सुजतात.

काचवाल्याचं विचारलंस. गावात दोनचार काचवाले असायचे. पाठीला काचा बांधून गल्लीगल्लीतून ओरडत जायचे. कोण कुठला कसं आठवणार? माझ्या बाबांचं दुकान होतं हे तुला माहीतच आहे. दुकानात बसणाऱ्याची पोर कुठे गल्लीतल्या लोकांकडे बघते.

एक मात्र सांगते. कार्ड छापणाऱ्यानं रंग चुकवलाय. आकाश एवढं लालसर नव्हतं. भर दुपारचं पांढरं आकाश होतं, डोळे किलकिले करायला लावणारं. छापखान्याला कळव.

तुझी आजी

१४ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मांजराची जीभ आता कशी आहे?

आजी, छापखान्यानं काही चुकवलेलं नाही. मूळ चित्रातच आकाशाला ती शेंदरी झाक आहे. मोठमोठ्या अभ्यासकांनी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. 'मावळत्या दिवसाची हुरहूर' म्हणे. आमच्याकडे येणारा प्रत्येक शिक्षक मुलांना आधी तेच दाखवतो.

पण आमच्या संग्रहालयप्रमुख मॅडमना गेल्या वर्षी एक शंका आली. भिंगातून बघितलं तर ती झाक चित्रकाराच्या रंगाच्या वर आहे, आत नाही. कुठून तरी लागल्यासारखी. ही गोष्ट बाहेर कुणालाही माहीत नाही. अजून छापूनही आलेली नाही.

म्हणजे त्या झाकेच्या आधीचं, पांढऱ्या आकाशाचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल अशी माणसं जगात फार थोडी असणार. चित्रकार, वकीलसाहेब, आणि ज्यानं ते आरशामागे घातलं तो.

आजी, तू ते कधी पाहिलंस?

अजून एक सांगते. फळीच्या मागच्या कडेला लुकणाचा सुकलेला पट्टा आहे, काचेच्या कडा बुजवतात तो. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा आहे. अगदी छोटा. आम्हाला वाटलं एखाद्या बारीक हाताच्या बाईचा असेल. मॅडम म्हणतात मुलाचा. ठशावरून आडवी एक रेघ गेली आहे, जखमेच्या व्रणासारखी.

मी तुला ओरडत नाहीये. मला फक्त खरं सांग.

तुझी,
खारूताई

२९ मार्च

खारूताई,

पंधरा दिवस लावले. चष्म्याची दांडी मोडली असं लिहिणार होते. मोडली नाही. मीच चष्मा डब्यात घालून वर ठेवून दिला होता, म्हणजे लिहायला नको. शिंपीणबाईंनी काढून दिला. म्हणाल्या, "आजी, एखादं गप्प बसणारं माणूस गप्प बसलं तर समजू शकते, पण तुम्ही तर कधी गप्प बसतच नाही, काहीतरी झालंय." मग मी त्यांना सांगितलं नाही आणि तुला सांगते आहे.

माझे बाबा काचवाले होते. दुकान होतं हे खोटं नाही, पण ते काचेचं होतं. खिडक्यांच्या काचा, कपाटांच्या काचा, आरसे. तुझ्या आजोबांना मी लग्नाआधी "बाबांचं दुकान होतं" एवढंच म्हटलं. कसलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पन्नास वर्षं संसार झाला, कुणी विचारलं नाही. माणसं दुकान म्हटलं की पुढचं विचारतच नाहीत.

बाबा कसे होते ते आधी सांगते, नाहीतर तुला पुढचं कळणार नाही. हिऱ्याच्या टोकाच्या हिरकणीनं काच कापायचे तेव्हा श्वास रोखून धरायचे आणि काच तुटली की मोठ्यानं सोडायचे. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं काच त्यांच्या श्वासानंच तुटते. आई लवकर गेली म्हणून मी कायम त्यांच्याबरोबर. मी माझी कामं करायचे: खिळे धरणं, कापड अंथरणं, आरशामागे फळी ठेवणं. फळी बसली की बाबा कडेनं लुकण भरायचे, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा, म्हणजे आत ओल नको आणि किडे नकोत. आणि शेवटी मला म्हणायचे, "चला मालकीणबाई, शिक्का मारा." मी खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबायचे. आमच्या दुकानाची तीच खूण. बाबा म्हणायचे, दुसऱ्या कुणाला असा शिक्का मिळणार नाही, कारण त्यावर माझी मालकीण काचेला धडकली त्याची रेघ आहे. सहाव्या वर्षी कापला होता अंगठा. अजून रेघ आहे. आत्ता बघते आहे.

आणि ते एक सारखं म्हणायचे. गिऱ्हाइकाला हसवायला. "आरसा म्हणजे काय हो, मागून बंद केलेली खिडकी." शंभर वेळा ऐकलं असेल मी. आणि आठ वर्षांच्या पोरीला कुठे कळतं कुठलं बोलणं गमतीचं आहे आणि कुठलं खरं?

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात मोठा आरसा बसवायचा होता. चौकट कोरीव, सगळीकडे पानं पानं, वरच्या डाव्या बाजूचं एक पान नेताना तुटलं आणि त्याबद्दल वकीलबाई बाबांना एवढं बोलल्या की विचारू नकोस. बाबांनी आरशाच्या कलईवर मागून शेंदरी रंगाचा हात दिला, कलई टिकावी म्हणून देतात तो. घाईत वरच्या बाजूला पूर्ण वाळला नव्हता. मग ते शिडीवर चढून भिंतीत खुंट्या ठोकायला लागले आणि मला म्हणाले, "कोपऱ्यातल्या त्या फळ्यांतली एक घे, गुळगुळीत बाजू आत."

कोपऱ्यात खोका फोडून ठेवलेला होता. पाचसहा फळ्या भिंतीला टेकलेल्या. मी एक उलटली आणि ती नदी होती.

मी तोवर एकही चित्र पाहिलं नव्हतं गं. कॅलेंडरसुद्धा नाही. मला ते चित्र आहे असं वाटलंच नाही. मला वाटलं फळीला भोक आहे आणि पलीकडे नदी आहे. मी फळीच्या मागे जाऊन बघितलं. मागे भिंत होती. परत पुढे आले, परत नदी. पाण्यावर ऊन होतं, आकाश पांढरं होतं, आणि मला तहान लागली. खरंच लागली. किती वेळ उभी होते माहीत नाही. वर बाबा ठोकत होते, ठक ठक ठक, आणि मी त्या काठावर होते.

मग मला वाटलं, आरसा म्हणजे मागून बंद केलेली खिडकी. मग ही खिडकी नुसत्या लाकडानं कशाला बंद करायची? नदीनं बंद केली तर जो कुणी आरशात बघेल त्याला आपलं तोंड दिसेल आणि तोंडामागे नदी दिसेल. रोज सकाळी वकीलबाई केस विंचरताना नदी बघतील आणि पानाबद्दल बाबांना बोलणार नाहीत.

ठेवली. नदीची बाजू आत. बाबा खाली उतरले, त्यांना फळीची कोरी पाठ दिसली, त्यांनी खिळे मारले, लुकण भरलं, मी शिक्का मारला. मग दोघांनी मिळून आरसा उलटला आणि भिंतीवर चढवला.

मी धावत समोर गेले. माझं तोंड होतं. फक्त माझं तोंड.

अठरा दिवसांनी वकीलसाहेबांना त्या खोक्यातून आलेल्या, अजून भिंतीवर न लावलेल्या चित्राची आठवण झाली. चित्र नाही. घरात बाहेरचं कोण आलं होतं? काचवाला. आमचं दुकान उलटंपालटं केलं त्यांनी. काही सापडलं नाही, म्हणून बाबांना सोडलं, पण मोठ्या घरांतली कामं बंद झाली. नंतर बाबा फक्त गल्लीतल्या फुटक्या खिडक्यांची तावदानं बसवायचे.

मी बोलले नाही. मला वाटलं मी बोलले तर मला नेतील. मग मोठी झाले तेव्हा वाटलं, आता कोण विश्वास ठेवेल. मग बाबाच गेले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की फळी मी दिली होती. चित्र सापडलंय हेही मला तुझ्या पत्रापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, नदी कुठेतरी आरशाबरोबर फुटून गेली.

आता तू ठरव. मी लिहून दिलं.

आजी

६ एप्रिल

माझ्या आजी,

ऑफिसात वाचता वाचता मला एवढं रडू आलं की बाजूच्या टेबलवरचा विचारायला लागला, काय झालं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी सापडलं.

मी तुझं पत्र मॅडमना दाखवलं. न विचारता दाखवलं, रागावू नकोस. फाईल मी त्यांच्याकडे दिली, कारण ज्या माणसावर संशय आहे त्याची मी पणती आहे, आणि पणतीनं ती फाईल लिहिणं बरोबर नाही. मॅडम म्हणाल्या, "तुझी आजी म्हणते ते खरं असेलही. पण नुसत्या सांगण्यावर सुनावणीत कुणी मान डोलावणार नाही. वकिलांचा नातू म्हणेल, चोरून नेलं, घरी नेऊन दुसऱ्याच आरशात लपवलं."

म्हणून मी काल तुझ्या माहेरच्या गावी जाऊन आले. सलून अजून आहे, आता मुलगा चालवतो. आरसा फुटला तेव्हा त्याच्या बापानं चौकट टाकली नव्हती, त्यात नवी काच घातली. सगळीकडे पानं पानं. मी स्टुलावर चढले. आजी, वरच्या डाव्या बाजूचं एक पान तुटलेलं आहे. खुर्चीतलं गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडानं मला विचारत होतं, "ताई, काय पडलंय तिथे?" आणि मी त्या तुटक्या पानावरून बोट फिरवत होते.

आणि खरी गंमत पुढे आहे. नातवानं आपलं घर केवढं मोठं होतं हे दाखवायला अर्जासोबत एक जुना फोटो जोडलाय. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला होता, पण कुणी नीट पाहिला नव्हता. वकीलसाहेब दिवाणखान्यात खुर्चीत बसलेत. मागे भिंतीवर तोच आरसा. तेच तुटकं पान. फोटोच्या मागे साल लिहिलंय: तक्रारीनंतर पाच वर्षं.

आजी, ते आपल्या चोरीला गेलेल्या चित्राखाली बसून फोटो काढत होते!

आणि घर सोडताना वकिलांच्या घरच्यांनी जुनं सामान, आरशांसकट, गावातल्या लोकांना आपण होऊन वाटून टाकलं, हे नातवाच्याच अर्जात आहे.

आता एकच हवं. फळी पहिल्या दिवसापासून तिथेच होती, मधे कुणी उघडून घातली नाही, हे कळायला तुझा ठसा हवा. मॅडम म्हणतात, माणसाच्या अंगठ्याच्या रेघा जन्मभर त्याच राहतात, फक्त मोठ्या होतात. शाईनं कागदावर घेऊन पाठवशील का?

तुझी,
खारूताई

१२ एप्रिल

खारूताई गं,

शाई कसली? मी काचवाल्याची पोर आहे.

शिंपीणबाईंकडून शिवणाचा खडू घेतला, कुटला. त्या म्हणाल्या, "अहो, तो नवा होता!" जवसाचं तेल सुतारानं दिलं. मळला गोळा. सत्तर वर्षांत मळला नव्हता, पण हात विसरत नाहीत, हे मला आज कळलं. तेल किती, पूड किती, सगळं हातालाच माहीत होतं. तो वास आला ना, एकदम बाबा खोलीत आल्यासारखं झालं. मी वळून पाहिलं. दारात मांजर होतं.

एका लाकडाच्या पट्टीवर लुकणाची कडा ओढली, आणि म्हटलं, "चला मालकीणबाई, शिक्का मारा." आणि मारला. खालच्या उजव्या कोपऱ्यात. दुसरीकडे मारायला हातच गेला नाही.

पट्टी पाठवते आहे, कापसात गुंडाळून. नीट उघड, अजून थोडी ओली आहे. पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत काय, मी म्हटलं अंगठा. तो घाबरलाच. मग उघडून दाखवलं.

तो शेंदरी रंग मात्र राहू दे असं मॅडमना सांग बाई. पुसू नका म्हणावं. चूक आहे हे खरं, पण बाबांचा हात त्या आकाशावरून गेलाय.

आजी

२१ मे

आजी,

आज निकाल लागला.

तुझी पट्टी आणि फळीवरचा ठसा त्यांनी शेजारी शेजारी पडद्यावर मोठे करून दाखवले. एक छोटा, एक मोठा. रेघा तशाच्या तशा, आणि आडवा व्रण दोन्हींवर, त्याच जागी. ठसे तपासणारे गृहस्थ म्हणाले, "हे दोन्ही एकाच व्यक्तीचे ठसे आहेत, मधे फक्त आयुष्य गेलंय." वकिलांचा नातू फोटोकडे बघत बसला होता. मग तो स्वतःच हसला, जरा कडवट, आणि म्हणाला, "आजोबा रोज त्या आरशात बघून टाय बांधायचे."

लिहून आलंय: चित्र घराबाहेर गेलं ते घरच्यांनीच दिलेल्या आरशाबरोबर. चोरी झालीच नाही. चित्र इथेच राहणार, सगळ्यांसाठी.

जुन्या तक्रारीतली 'संशय' ही नोंद रद्द झाली. मॅडमनी चित्राशेजारची पाटी नवीन करायला दिली आहे. शेंदरी झाक पुसायची नाही असं ठरलं. मॅडम म्हणाल्या, "अभ्यासकांनी एवढी पानं लिहिली, आता ती फाडायला सांगायची का?"

बाकीचं तू येऊन बघ. तुझं तिकीट काढलं आहे. मोजे आईनं पाठवले आहेत, तू घालत नाहीस हे मी सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

तुझी,
खारूताई

११ जून

माझ्या सोन्या,

घरी पोचले. गाडीत शेजारच्या बाईला सगळी गोष्ट सांगितली, तिचं स्टेशन चुकलं. मांजर फुगून बसलं होतं, आता बोलायला लागलंय. शिंपीणबाईंना खडूचा नवा डबा आणला.

तू मला त्या दालनात नेलंस ना, आणि म्हणालीस, "आजी, मी बाहेर थांबते," ते बरं केलंस. तुझ्यासमोर मला नीट बघता आलं नसतं. तिथला पहारेकरी फार चांगला माणूस आहे. मी आत गेले आणि एकदम दारातच थांबले, तर त्यानं मला खुर्ची आणून दिली. म्हणाला, "आजी, सगळे असेच थांबतात." मी म्हटलं, "मी एकाहत्तर वर्षं थांबले आहे." त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

आधी पाटी वाचली. सावकाश वाचते मी, तुला माहीत आहे, अक्षराअक्षरावर बोट ठेवून. चित्रकाराचं नाव, सालं, वकीलसाहेब, सलूनवाला, आणि त्यांच्यामधल्या ओळीत माझे बाबा. त्यांचं पूर्ण नाव. पुढे "काच बसवणारे कारागीर, आणि त्यांची मुलगी". मला माहीत नव्हतं मला घातलंय. मी पहारेकऱ्याला बोलावलं आणि म्हटलं, "ही मुलगी मी." मग त्यानं टोपी काढली.

मग मी वर पाहिलं.

तुला खरं सांगू? मला भीती होती. आठ वर्षांच्या पोरीला मोठं वाटलेलं म्हातारपणी छोटं निघतं. शाळेचं आवार तसं निघालं, वकिलांचं घर तसं निघालं. नदी छोटी निघाली नाही. ती मोठीच निघाली. पाणी तसंच वळत होतं, डाव्या काठाची माती तशीच ओली. आणि आकाशात बाबांचा शेंदरी हात. मी श्वास रोखून धरला, बाबा काच कापताना धरायचे तसा, आणि मोठ्यानं सोडला.

तुमच्या लोकांनी चित्रावर काच लावली आहे ना, लोकांनी बोटं लावू नयेत म्हणून. चांगली काच आहे, कडा साफ आहेत, मी कोपरे बघितले. दुपारचं ऊन खिडकीतून आलं आणि काचेवर पडलं. मी जरा पुढे वाकले.

माझं तोंड दिसलं. सुरकुत्या, चष्मा, टोचणाऱ्या दांड्या. आणि तोंडामागे नदी.

मी बाबांना हाक मारली. मोठ्यानं मारली असणार, कारण पहारेकरी धावत आला. विचारलं, "काय झालं आजी?"

मी म्हटलं, "काही नाही बाळा. खिडकी उघडली."

तुझी,
आजी